मुळापासून मेंढीकोट

माझ्या सासऱ्यांना या जगातली एकही तयार गोष्ट पसंत नाही, आणि त्या यादीत मीही मोडतो, असा मला लग्नापासूनची सतरा वर्षं संशय आहे. 'तयार' हा शब्द ते ज्या सुरात उच्चारतात त्या सुरात इतर लोक 'शिळं' म्हणतात. भिंतीवरचं कॅलेंडर ते दर डिसेंबरात स्वतः आखतात, कारण छापील कॅलेंडरातला चौकोन लहान असतो आणि माणसाच्या एका दिवसाला एवढ्याशा जागेत मावायला सांगणं त्यांना अपमानाचं वाटतं. चष्म्याचं घर त्यांनी जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यातून बेतलेलं आहे. कसबा पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला डासांची जाळी बसवायचं ठरलं, तेव्हा ती विकत आणण्याआधी डास मुळात कितव्या मजल्यापर्यंत चढतात याचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. तो अभ्यास अख्खा उन्हाळा चालला आणि त्या काळात डास सासूबाईंना चावत राहिले. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत आरेखक म्हणून इमारतींचे नकाशे काढल्यामुळे असेल, पण पायाचा नकाशा बघितल्याशिवाय ते कुठल्याही इमारतीला चांगलं म्हणत नाहीत. सासूबाईंनी हे सगळं एका वाक्यात बसवलं आहे. "यांना वरणभात लावायला सांगितला तर हे आधी तूर पेरतील," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि सासरे त्यावर तुरीला कुठली जमीन लागते ते सांगू लागतात.

अशा माणसाला बहात्तराव्या वर्षी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचा नाद लागला, याचं खापर माझ्या मुलीवर फुटायला हवं. मे महिन्याच्या सुटीत आम्ही तिला कोथरूडमधल्या एका शिबिरात घातलं होतं. तिथे कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून खेळ तयार करायला शिकवत. 'पुढे चल' असा निळा ठोकळा, त्याला 'भिंत लागली तर वळ' असा पिवळा ठोकळा जोडायचा, की मांजर चालायला लागतं. नातीला पहिल्या दिवशी पोचवायला गेलेले सासरे परत आलेच नाहीत. ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि दुसऱ्या दिवशी रीतसर फी भरून, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन हजर झाले. वर्गातल्या बाकीच्यांचं वय नऊ ते अकरा होतं. शिबिर संपल्यावर सगळ्यांना मिळालं तसं प्रमाणपत्र त्यांनाही मिळालं आणि छापील मजकुराप्रमाणे त्यांच्या नावाआधी 'चि.' होतं. ते त्यांनी स्वतः चौकट करून कॅलेंडरशेजारी लावलं आहे.

ठोकळ्यांवर त्यांनी केलेला पहिला खेळ कसब्यातल्या गल्लीत दुचाकी लावायचा होता. खेळणाऱ्यानं गाडी फिरवत जागा शोधायची. नकाशा इतका हुबेहूब होता की त्यात जागाच नव्हती. तीन मिनिटं फिरलं की पडद्यावर 'पुढच्या गल्लीत बघा' अशी पाटी यायची, आणि पुढची गल्ली त्यांनी काढलेली नव्हती. माझ्या मुलीनं विचारलं की यात जिंकायचं कसं. त्यावर, जिंकायचं असेल तर चालत यावं, असं आजोबांनी सांगितलं.

पण त्यांचं खरं बिनसलं ते शिबिरातच. ठोकळ्याच्या आत काय असतं, असं त्यांनी शिकवणाऱ्या ताईंना विचारलं होतं. त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, "काका, आत बघायची गरजच नाही." सासऱ्यांना काही गोष्टी सांगू नयेत, त्यातली ही पहिली. तो दिवस आणि आजचा दिवस.

आता मेंढीकोटाचं सांगायला हवं, कारण एवढा सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे. कसब्यातल्या एका लहानशा देवळाच्या ओसरीवर सासरे आणि त्यांचे तीन मित्र चाळीसहून अधिक वर्षं मेंढीकोट खेळत आले. चार माणसं, समोरासमोर बसलेल्यांची भिडूजोडी, आणि चार दस्से, म्हणजे चार मेंढ्या, ज्यांच्याकडे जास्त ते जिंकले. एका बाजूला तांबट आळीतले दोघे भाऊ, थोरले आणि धाकटे. दुसऱ्या बाजूला सासरे आणि त्यांचे भिडू वसंतराव, जे टपाल खात्यातून निवृत्त झालेले. या चौघांच्या खेळात पत्त्यांइतकीच जीभ चालायची. चुकीचा पत्ता टाकणाऱ्याचा उद्धार त्याच्या शाळेपासून सुरू व्हायचा. मी नवा जावई असताना एकदा कौतुकानं बघायला गेलो होतो. दोन हात होईपर्यंत मला वाटलं की यांची आयुष्यभराची मैत्री आज माझ्यादेखत तुटणार, आणि मग सगळे मिळून चहाला गेले.

तीनेक वर्षांपूर्वी वसंतराव विसरू लागले. आधी नावं, मग डावातला हुकूम. एका दुपारी त्यांनी 'हुकूम कुठला रे?' असं एकाच डावात चौथ्यांदा विचारलं आणि हातातला दस्सा भलतीकडेच टाकला. आणि थोरले भाऊ मऊ आवाजात म्हणाले, असू दे वसंतराव, असू दे. धाकटेही म्हणाले, असू दे. हे मला सासऱ्यांनी नंतर सांगितलं, तेव्हा ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. त्या आठवड्यानंतर वसंतरावांनी ओसरीवर येणं सोडलं. पुढे ते खराडीला मुलाकडे राहायला गेले. खराडी म्हणजे कसब्यातल्या माणसाला परगावच. निघताना ते एवढंच म्हणाले की आता मी काही पत्त्याला हात लावत नाही, तुम्ही दुसरा भिडू बघा.

दुसरा भिडू बघायचा नाही, असं सासऱ्यांनी ठरवलं. फोनवर खेळता येईल असा मेंढीकोट करायचा, म्हणजे वसंता खराडीत बसून खेळेल. आणि त्यात एक सोय करायची. वसंताची पाळी आली की त्यानं टाकायला हवा तो पत्ता त्याच्या पडद्यावर नखभर वर सरकेल. फक्त त्याच्या पडद्यावर. बाकीच्यांना कळता कामा नये. म्हणजे वसंता पुन्हा नीट खेळेल आणि त्याला कुणी असू दे म्हणणार नाही.

तयार मेंढीकोट मोबाईलवर मिळतात, हे मी सांगून पाहिलं. ते त्यांनी दोन दिवस खेळून पाहिले आणि त्यात बसलेले भिडू बोलत नाहीत, या कारणासाठी नापास केले. मग ठोकळे आले. बावन्न पत्ते, चार हात, हुकूम, उतारी, सगळं त्यांनी ठोकळ्यांत बसवायला घेतलं. महिन्याभरानं मी गेलो तेव्हा ठोकळ्यांचा मनोरा इतका उंच झाला होता की त्याच्या वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे जाईपर्यंत सासूबाईंची एक पोळी भाजून व्हायची. एवढं करूनही नखभर वर येणारा पत्ता चौघांनाही दिसत होता. तेवढा एकच पत्ता एकट्याला दाखवणारा ठोकळा त्या डब्यात नव्हताच. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "हे बाळबोध आहे," सासरे म्हणाले. "मुळापासून लिहावं लागेल. तुम्ही रोज प्रोग्रॅम लिहिता ना?"

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे हे खरं, पण गेल्या नऊ वर्षांत मी मेल, तक्ते आणि मीटिंगची आमंत्रणं सोडून काहीही लिहिलेलं नाही. सासऱ्यांना हे पंधरा मिनिटांत कळलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता की कॉम्प्युटर पत्ते पिसतो म्हणजे नक्की काय करतो. मी म्हणालो की त्याची काळजी नको, त्यासाठी एक तयार आज्ञा असते.

पिसणं त्यांनी स्वतःच लिहिलं. त्यासाठी चार दिवस ते पत्ते हातात घेऊन पिसत बसले आणि आपलं मनगट काय करतं ते टिपत राहिले. मग त्यांच्या मनगटाच्या सगळ्या खोडी प्रोग्रॅममध्ये उतरल्या. दोन पत्ते चिकटून एकत्र जायचे, खालचे चार पत्ते खालीच राहायचे. चाचणीला बसवलेल्या थोरल्या भावांनी तक्रार केली की मागच्या डावातल्या मेंढ्या पुढच्या डावात पुन्हा शेजारीशेजारी येतात. सासरे म्हणाले, ओसरीवर चाळीस वर्षं तसंच होत होतं, तेव्हा कुठे होतात?

लिहायची पद्धतही आरेखकाची. आधी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं, एकसारख्या ठाशीव अक्षरांत, डाव्या बाजूला समास सोडून. तीन वेळा तपासल्याखेरीज कॉम्प्युटर उघडायचा नाही. एका अर्धविरामावरून प्रोग्रॅम अडून बसला, तेव्हा मला वाटलं ते वैतागतील. उलट त्यांना तो एकदम आपलासा वाटला. त्यांचे एक साहेब नकाशावर उत्तर दिशेचा बाण नसला तर सबंध नकाशा परत पाठवायचे, आणि तो माणूस सासऱ्यांच्या मते कचेरीतला एकमेव शहाणा होता. चार फोन एकमेकांना जोडायचा भाग मी करून देतो म्हणालो, तर करून नको, समजावून द्या, असं उत्तर आलं. समजावता येईना म्हणून मला आठवडाभर स्वतः अभ्यास करावा लागला. ऑफिसात जेवणाच्या सुटीत मला पुस्तक उघडून बसलेलं बघून माझ्या हाताखालची मुलं मी नोकरी बदलतोय असं समजली.

एक वर्ष गेलं. पिसणं झालं, वाटणं झालं, आणि सासरे पत्त्यांची चित्रं काढायला बसले. बावन्नच्या बावन्न, हातानं. इस्पिक झाली, बदाम झाले. राणीच्या नथीवर तीन दिवस गेले. अधूनमधून ते वसंतरावांना फोन करायचे आणि फोन ठेवल्यावर लगेच कामाला लागायचे. एका संध्याकाळी मी तिथे होतो. सासूबाई भाजी निवडत होत्या आणि मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुमचं मूळ सापडेपर्यंत वसंतभावजींना मेंढीकोट आठवणार आहे का?"

सासऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, आणि पत्त्यांची तयार चित्रं कुठे मिळतात, असं त्यांनी मला विचारलं. 'तयार' हा शब्द त्यांनी भरभर उच्चारून टाकला. त्यामुळे त्यांच्या मेंढीकोटात आजही इस्पिक आणि बदाम त्यांच्या हातचे आहेत आणि किलवर, चौकट बाजारातले. मला विचाराल तर त्या सबंध खेळातलं सगळ्यात सुंदर काय, तर ते बाजारातले सव्वीस पत्ते.

खेळ सुरू झाला. दुपारी चार वाजता ओसरीवर तिघं आपापले फोन घेऊन बसत, मधे एक चौथा फोन बोलण्यासाठी, आणि तिकडे वसंतराव चौदाव्या मजल्यावर टॅब्लेट घेऊन. तीन आठवडे सासरे आणि वसंतराव जिंकत सुटले. दोघे भाऊ चकित झाले. खराडीची हवा मानवलेली दिसते म्हणाले. सासरे गंभीर चेहऱ्यानं मान डोलवत. आणि मग वसंतराव चुकू लागले. रोज एकदा, कधी दोनदा, भलताच पत्ता पडायचा. सासऱ्यांनी प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत तपासला. ट्रेसिंग पेपर पुन्हा बाहेर निघाले. दोष सापडेना. ते जेवताना मधेच थांबायला लागले. शेवटी त्यांनी मला गळ घातली की तुमचं ऑफिस तिकडेच आहे, तर एकदा वसंताच्या शेजारी बसून त्याच्या पडद्यावर काय होतं ते बघून या.

बुधवारी मी अर्धी रजा टाकून गेलो. वसंतरावांनी मी कोण हे दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा समजल्यावर आनंदानं माझा हात दाबला. टॅब्लेट त्यांनी पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि बोलायचा फोन त्याच्या शेजारी. डाव चालू झाला. त्यांची पाळी आली की एक पत्ता नखभर वर यायचा, ते तो बोटानं टाकायचे. सहा-सात हात व्यवस्थित झाले. मग थोरल्या भावांनी चौकटची उतारी केली. एक्का अजून बाहेर होता, तेव्हा दुर्री टाकून दस्सा वाचवायचा, हे मलाही कळत होतं. दुर्री नखभर वर आली. वसंतरावांनी तिच्याकडे बघितलं, बोट तिच्यापर्यंत नेलं, मागे घेतलं आणि दस्सा टाकला. लगेच धाकट्यांचा एक्का पडला आणि मेंढी गेली.

फोनमधून सासऱ्यांचा आवाज आला. "असू दे, वसंता. असू दे."

वसंतरावांनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळले. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत विसरण्याचा मागमूसही नव्हता.

"पत्ता वर येतो ते त्याचं काम आहे, मला पहिल्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "बरं करतो. नाहीतर मला सुचत नाही हल्ली. पण दिवसातून एखादा मी माझ्या मनानं टाकतो. चुकतो. चुकला की वाटतं, आता हा ओरडेल."

ते पुन्हा टॅब्लेटकडे वळले. "ओरडत नाही हो."

त्या संध्याकाळी मी सरळ कसब्यात गेलो. वाटेत मी दोनतीन सोयीस्कर कारणं तयार केली होती. बोट थरथरतं, पडदा जुना आहे, वगैरे. सासऱ्यांनी पहिलं कारण अर्ध्यावरच तोडलं आणि असली उत्तरं तुमच्या परदेशी गिऱ्हाइकांसाठी ठेवा म्हणाले. मग मी खरं ते सांगितलं, वसंतरावांच्याच शब्दांत. ते ऐकून सासरे उठले, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी केली, तिला दोरा बांधला आणि कपाटावर ठेवून दिली. सासूबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला.

शनिवारी मी मुद्दाम ओसरीवर गेलो. तिसऱ्या डावात वसंतरावांनी बदाम दस्सा धाकट्यांच्या राजाखाली नेऊन घातला. थोरले भाऊ सवयीनं 'असू दे' म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात सासऱ्यांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"वसंता, दस्सा काय घरात अडचण होतेय म्हणून बाहेर काढलास? आणि तुझं डोकं खराडीला पोचलं का, की टेम्पोतच राहिलं?"

थोरल्या भावांनी घाईनं सासऱ्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. धाकटे देवाकडे बघू लागले. फोनमधून काहीच येईना. मला वाटलं, संपलं. सासऱ्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी फोनचा आवाज वाढवायचं बटण दोनदा दाबलं.

"तुझ्यासारखा भिडू असल्यावर डोकं लागतं कुणाला?" वसंतरावांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "मघापासून गुलाम दाबून बसलायस, त्याला मुलगी बघतोयस का?"

मग जे सुरू झालं ते पुढचा अर्धा तास थांबलं नाही. दोघांनी एकमेकांची शाळा काढली, मास्तर काढले, सायकल शिकताना कोण कुठे पडलं ते काढलं. भाऊही हळूहळू त्यात उतरले. सासरे तो डाव हरले, त्यानंतरचाही हरले, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

याला आता सात-आठ महिने झाले. वसंतरावांचे चांगले दिवस कमी होत चाललेत. काही दुपारी त्यांना भांडायलाही सुचत नाही. त्यांची पाळी येते, तिकडे पत्ता नखभर वर येऊन थांबलेला असणार, आणि इकडे ओसरीवर तिघं आपापल्या फोनकडे बघत बसतात. पाच मिनिटं जातात, दहा जातात. मागच्या आठवड्यात मी सासऱ्यांना सुचवलं की अर्ध्या मिनिटात पत्ता पडला नाही तर प्रोग्रॅमनं आपोआप टाकावा, तयार खेळांत अशी सोय असते, दोन ओळींचं काम आहे.

"असेल," सासरे म्हणाले. "त्या खेळांना भिडू कुठे असतो?"

आणि फोन मांडीवर ठेवून ते वाट बघत बसले.